व्हर्नाबाईंचे टोमॅटो आणि गैरहजर वारा

वाऱ्याला वळण लावणं हे प्रत्येक सुसंस्कृत शासनाचं पहिलं कर्तव्य आहे. अमेरिकेत, आयोवातल्या आमच्या कौंटीने (म्हणजे जिल्ह्याने) ते केव्हाच पार पाडलं: तणनाशक फवारताना वारा ताशी तीन मैलांहून कमी नको, दहाहून जास्त नको, आणि शेजाऱ्याच्या दिशेने तर मुळीच नको. (ही सूचना वाऱ्याला पोचल्याची पावती दप्तरात सापडत नाही.)

जुलैअखेर एका सकाळी व्हर्ना हॅल्वरसन परसात गेल्या, तर टोमॅटोची सगळी पानं वाटीसारखी वळलेली. कौंटीच्या शेतमालाच्या जत्रेत एकोणीस वर्षं टोमॅटोतल्या पहिल्या नंबरची निळी फीत त्यांचीच. विसावीला तीन आठवडे उरलेले. कुंपणापलीकडे डेल्मर कुइपरचं सोयाबीन मजेत डोलत होतं. डेल्मर फवारतो ते तणनाशकाचं औषध त्याला बाधत नाही, बियाणंच तसलं. आता तणालाही बाधत नाही (राजगिऱ्याच्या कुळातलं, डेल्मरच्या टोपीहून उंच). म्हणून डेल्मर दुप्पट फवारतो.

"डेल्मर, माझी झाडं बघ रे जरा."

"अरेरे! पण व्हर्नाबाई, शप्पथ, वारा तिकडे होता."

"मग इकडे कोण आलं?"

"मी फवारणीच्या वहीत 'तिकडे' लिहिलंय ना!"

आता, डेल्मर दर हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फ न सांगता काढतो. अशा माणसावर तक्रार करणं आमच्याकडे प्रार्थनेत ढेकर देण्यासारखं. म्हणून व्हर्नाबाईंनी तक्रार-अर्जात 'आरोपीचे नाव' या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: वारा.

इतका सोयीचा आरोपी कौंटीच्या कार्यालयाला आजवर मिळाला नव्हता. एरवी दोन वर्षं घेणाऱ्या तिथल्या चौकशी समितीने नऊ दिवसांत निकाल दिला. वारा सुनावणीला गैरहजर, कायमचा पत्ता नाही, पूर्वीही असेच वर्तन. शंभर टक्के तक्रारींत (यंदाच्या एकूण तक्रारी: एक) तोच दोषी. फवारणी निर्दोष.

टोमॅटो गेले. जत्रेच्या दिवशी व्हर्नाबाईंनी डेल्मरच्या बांधावरून एक तण मुळासकट उपटलं, बादलीत रोवलं आणि 'स्थानिक वाण' विभागात नेऊन ठेवलं. परीक्षकांनी नियमाप्रमाणे उंची मोजली, तजेला पाहिला, चिवटपणाला पैकीच्या पैकी गुण दिले. निळी फीत!

"अहो, हे तर माझ्या शेतातलं!" डेल्मर ओरडला.

"वाऱ्याने आणलं असेल," व्हर्नाबाई म्हणाल्या आणि फीत सरळ केली.

समितीने लगोलग अहवालाला पुरवणी जोडली: या औषधाने ढिम्म न हलणारे जीव कौंटीत दोनच, तण आणि नागरिक. तणाबाबत चिंता व्यक्त करण्यात येत आहे. नागरिकांबाबत समिती पूर्ण समाधानी आहे.

(वाचकहो, तुम्हीही इथवर हसत हसत आलात, तक्रारीचा अर्ज कुठे मिळतो, हे मात्र विचारलं नाहीत. समितीने नोंद घेतली आहे.)