बॅटरीवरची विभूती

“गाडी रस्त्यात बंद पडली, की आधी ती कडंला घ्यायची आणि मगच देवाचं नाव घ्यायचं, गंगे. उलटं केलंस, तर देवाला सगळी कामं सोडून तुझ्यामागं पळावं लागंल.”

आण्णांचा आवाज गंगासागरच्या कानात इतका स्वच्छ उमटला, की ते मागच्या सीटवर शेजारीच बसलेत असं तिला वाटलं. आण्णा म्हणजे तिचे वडील. उभा जन्म त्यांनी एसटीच्या डेपोत बॉनेटखाली वाकून काढला होता. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी आपली सगळी विद्या लेकीच्या कानात ओतली होती, आणि लेकीनं ती लग्नात आलेल्या भांड्यांसारखी माळ्यावर ठेवून दिली होती. दिंद्रुडच्या भुसार दुकानदाराच्या घरात ती विद्या मागणार कोण?

आत्ता मात्र मागायची वेळ आली होती. परळी मागं पडली होती, धर्मापुरी पाच-सहा किलोमीटर राहिली होती, आणि त्यांची बदामी रंगाची सेकंडहँड गाडी ऐन वळणावर, रस्त्याच्या मधोमध बसकण मारून बसली होती. गंगासागरचे यजमान गुरुपादअप्पा यांना रस्त्याकडेला धोतऱ्याची फुलं दिसली. महादेवाला आवडतात म्हणून त्यांनी होती तिथं गाडी थांबवली, पेट्रोल वाचावं म्हणून बंद केली, फुलं तोडून आणली आणि किल्ली फिरवली. गाडी फक्त ‘टक्’ म्हणाली.

“टक् म्हणाली,” गुरुपादअप्पा म्हणाले.

“पुन्हा फिरवा,” पुढं बसलेला त्यांचा धाकटा भाऊ राजेश्वर म्हणाला.

“पुन्हा टक्च म्हणाली.”

गाडीला काय झालंय हे गंगासागरला त्या पहिल्या ‘टक्’लाच कळलं होतं. पण तिला बोलता येत नव्हतं. आज तिचा सोळावा सोमवार. श्रावणात धरलेलं व्रत कार्तिकात पुरं होत होतं, आणि मठातल्या स्वामींनी शेवटच्या सोमवारी कडक मौन सांगितलं होतं. दिवे लागायच्या आत माहेरच्या, धर्मापुरीच्या महादेवाचं दर्शन घ्यायचं आणि तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. मौन मोडलं किंवा वेळ चुकली, तर पुन्हा पहिल्या सोमवारपासून. कागदावर लिहिलं तर चालेल का, हे तिनं विचारून घेतलं होतं. स्वामी हसून म्हणाले होते, “लिहिणं म्हणजे हातानं बोलणं. खूण चालेल, अक्षर नाही.” मागणं काय होतं, ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की फळ जातं.

गाडीच्या दुखण्याचा इतिहास दोन महिन्यांचा होता. दिल्लीनं परदेशी कंपन्यांना दारं उघडली, गावात एसटीडीचा बूथ आला, केबलच्या तारा आल्या. मग आपणच का मागं राहायचं, म्हणून गुरुपादअप्पांनी आषाढात ही गाडी आणली. भाद्रपदात एके दिवशी बॉनेट उघडलं, तर बॅटरीच्या दोन्ही टोकांवर पांढरीशुभ्र भुकटी. ना कुणी टाकली, ना वाऱ्यानं आली. अप्पांनी हात जोडले. “विभूती! आपोआप प्रकटली!”

“अहो, ते बॅटरीतलं ॲसिड बाहेर आलंय. आण्णा म्हणायचे…” गंगासागरनं हळूच सांगून पाहिलं होतं.

“तुझ्या आण्णांनी नट आवळले. देवाचं त्यांना काय मालूम?”

त्याच दिवशी अप्पांनी चिमूटभर भुकटी कपाळाला लावली. घटकाभरात कपाळावर तीन लाल पट्टे उठले. “लई जागृत हाय,” कपाळाला खोबरेल लावत अप्पा म्हणाले, आणि पुन्हा कपाळाला लावायच्या भानगडीत पडले नाहीत. पण पुसूही दिली नाही. दर सोमवारी तिच्यावर एक फूल ठेवू लागले. विभूती वाढत गेली. आज बॉनेट उघडलं तेव्हा बॅटरीच्या डोक्यावर दोन छोटी कैलास शिखरं उभी होती.

गंगासागर खाली उतरली. आधी गाडी कडेला. तिनं गाडीला हात लावला, मग रस्त्याच्या कडेला बोट केलं.

“वहिनी ढकला म्हणायल्यात,” राजेश्वर म्हणाला. ही एक खूण बरोबर कळली, आणि तिला वाटलं, पुढचंही कळेल.

दोघांनी ढकलून गाडी कडेला घेतली खरी. पण कड अरुंद होती, मागचं चाक डांबरावरच राहिलं. आण्णा म्हणायचे, वळणावर गाडी असली तर लांबून दिसेल असं काहीतरी लाव. तिनं चाकांना दगड लावले, देवीसाठी आणलेला लाल खण पिशवीतून काढला आणि वीस-पंचवीस पावलं मागं जाऊन बाभळीच्या फांदीला बांधला.

ती परत येते न येते तोच सरपण घेऊन चाललेल्या दोन बायका तिथं थांबल्या. त्यांनी मोळ्या उतरवल्या आणि बाभळीला हात जोडले. मागून सायकलवाला आला. त्यानं विचारलं, “कोणती देवी हाय?” एक बाई म्हणाली, “ठाऊक न्हाई, पर नवी दिसती.” सायकलवाल्यानं बुंध्याशी आठ आणे ठेवले. मग समोरून, धर्मापुरीकडून आलेली एक बैलगाडी थांबली. बैलगाडीमागं जीप थांबली, आणि जीपनं इतका लांब हॉर्न दिला की बैलांनी माना वळवल्या.

जीपमधून अमरसिंह उतरले. पंचक्रोशीतले पुढारी. पांढरे कपडे, हातात टॉवेल आणि कुठल्याही गर्दीत शिरताना आपोआप जोडले जाणारे हात. त्यांनी बाभळीला नमस्कार केला आणि मग विचारलं, “काय भानगड हाय, अप्पा?”

“गाडी टक् म्हणायली.”

“इतकंच? सटवा, बॉनेट उघड!”

सटवा हा त्यांचा ड्रायव्हर. तो बिडी ओठात धरूनच उतरला. नशीब, बिडी विझलेली होती.

गंगासागर पुढं झाली. आता सांगायलाच हवं होतं. तिनं बॅटरीकडे बोट दाखवलं, कपाळावर तीन बोटं ओढली आणि हात जोरात हलवून ‘नको, नको’ केलं.

“काय म्हणायल्यात?” अमरसिंहांनी विचारलं.

“विभूती,” राजेश्वर गंभीरपणे म्हणाला. “विभूती म्हणायल्यात. आणि हात हलवला म्हणजे… सगळीकडं लावा.”

“बघा! व्रतस्थ बाईला आतून कळतं,” गुरुपादअप्पा म्हणाले. त्यांनी पूजेच्या डबीतली घरची विभूती घेऊन बॉनेटवर तीन, काचेवर तीन आणि चारही चाकांवर तीन-तीन पट्टे ओढले. गाडी जंगमासारखी दिसू लागली. किल्ली फिरवली. टक्.

गंगासागरनं डोळे मिटून मनात पंचाक्षरी म्हटली आणि दुसऱ्या वाटेनं जाऊन पाहिलं. आण्णांचा नियम होता, काढताना काळी तार आधी, लावताना काळी शेवटी. तिनं मंगळसूत्राचे काळे मणी पुढं केले, मग बॅटरीकडे बोट केलं. मग कपाळाच्या कुंकवावर बोट ठेवून ‘हे नंतर’ अशी खूण केली.

राजेश्वर विचारात पडला. “मंगळसूत्र… कुंकू… अप्पा, तुमी बॅटरीपासून लांब व्हा. वहिनीला तुमची काळजी वाटायली.”

गुरुपादअप्पा उलट बॅटरीजवळच सरकले. “अगं, मला काय होतंय? इतकं मनाला लावून घेऊ नको.”

“अप्पा, बाजूला सरा,” अमरसिंह बाह्या सारत म्हणाले. “माझ्या जीपची बॅटरी नवीकोरी हाय. सटवा, वायरी आण.”

सटवानं वायरी आणल्या आणि जीप शेजारी लावली. लालला लाल की लालला काळी, यावर तिघांची चर्चा झाली. अमरसिंहांनी बहुमतानं निर्णय घेतला. ठिणगी उडाली. तिघेही एकदम मागं उडी मारून बैलगाडीच्या दांडीवर आदळले, आणि बैलगाडीवाला म्हणाला, “आमच्या बैलाला बॅटरी नसती, ते बरं हाय.”

सूर्य बाभळीच्या शेंड्याला टेकला. मागं आता दोन टेम्पो थांबले होते, आणि खणाजवळ कुणीतरी नारळही फोडला होता. गंगासागर सूर्याकडं पाहत होती. सोळा सोमवारचे उपास, सोळा सोमवारची पहाटेची अंघोळ, सगळं तिच्या डोळ्यांदेखत माळरानावर उतरत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गुरुपादअप्पांनी पाहिलं, आणि माणूस मनानं वाईट नव्हता. त्यांच्यानं राहवलं नाही. त्यांनी धर्मापुरीच्या दिशेला तोंड करून हात वर केले.

“महादेवा! ही गाडी चालू होऊ दे. इथून तुझ्या दारापर्यंत मी अनवाणी पायी येतो!”

“मग गाडी कोण चालवणार?” राजेश्वरनं विचारलं.

“आधी चालू तर होऊ दे बे!”

इकडं सटवा बॅटरीवर वाकला होता. “पाणी संपलं असंल मालक,” तो म्हणाला. त्यानं बॅटरीची झाकणं एकेक करून काढली. “आत अंधार हाय. दिसंना काही.” आणि त्यानं खिशातून काड्यापेटी काढली.

गंगासागरनं हात हलवले. टाळी वाजवली. सटवानं काडी पेटीला लावली. बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो, गंगे, ॲसिड तोंडावर उडतं, माणूस जन्माचा आंधळा होतो. काडी ओढली गेली. ज्योत धरली.

“काडी विझव, मेल्या!”

बैलांनी चघळणं थांबवलं. सटवाच्या हातातली काडी भीतीनंच विझली. संसाराच्या पंधरा वर्षांत वरच्या पट्टीत ‘चहा झाला’सुद्धा न म्हणालेली गंगासागर रस्त्याच्या मधोमध उभी होती, आणि तोंड उघडलंच होतं, तर सकाळपासून साठलेलं सगळंच बाहेर आलं.

“ती बॅटरी हाय का देव्हाऱ्यातली समई? झाकणं लावा आधी! जीप लांब घ्या! तुमी, टॉवेलवाले, हातातली अंगठी काढा. राजेश्वरभाऊजी, पाना घ्या, आधी काळी तार सोडवा, मग लाल. आणि अहो, तुमी! ती विभूती न्हाई, न्हाई, न्हाई! ते बॅटरीचं दुखणं हाय! दुखण्याला फुलं वाहतं का कुणी?”

झाकणं लागली, जीप लांब गेली, अंगठी निघाली, तारा सुटल्या. बेलाची प्लास्टिकची पिशवी तिनं हातात चढवली. थर्मासमधलं गरम पाणी दोन्ही टोकांवर थेंब थेंब सोडलं. नारळाची शेंडी उपटली आणि खसाखसा घासलं. कैलासाची दोन्ही शिखरं वितळून रस्त्यावर आली आणि खाली पितळेसारखा चकचकीत धातू दिसला. पदराला ॲसिड लागू नये म्हणून तो तिनं कमरेला खोचला होता. राजेश्वरनं आधी लाल तार आवळली, मग काळी. वरून तिनं निरांजनातलं तूप बोटानं माखलं. आण्णा ग्रीस लावायचे. पण ग्रीस कुठं मिळणार, आणि महादेवाला तुपाचं काय वावडं?

“आता फिरवा,” ती म्हणाली.

गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली.

टेम्पोवाल्यांनी हॉर्न वाजवले. बायकांनी बाभळीला पुन्हा हात जोडले. गंगासागर मात्र दगडावर बसली. बोलले. सोळाव्या सोमवारी बोलले, आणि तेही ‘मेल्या’.

अमरसिंह जवळ आले. पहिल्यांदाच त्यांचे हात खरोखर जोडलेले होते. “ताई, तुमी बोलल्या म्हणून सटवाचं थोबाड जागेवर हाय. त्यासाठी महादेव व्रत मोडलं म्हणंल? तो काय तहसीलदार हाय का, एक कागद कमी म्हणून फाईल परत पाठवायला?”

तिला हसू आलं. बरोबर होतं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. इथून पुढं पुन्हा मौन.

जीप परळीकडं निघून गेली. टेम्पो गेले, बैलगाडी गेली. खण तिनं सोडला नाही. आता तो तिचा राहिला नव्हता. गुरुपादअप्पा घाईघाईनं स्टिअरिंगवर बसले. “चला, चला, बस लवकर. सूर्य हातभर हाय अजून.”

गंगासागर बसली नाही. ती दाराशी उभी राहिली आणि तिनं त्यांच्या चपलांकडं पाहिलं.

“काय?” अप्पा म्हणाले.

तिनं धर्मापुरीच्या दिशेला बोट केलं. मग दोन बोटं पावलांसारखी हवेत चालवली. ही खूण राजेश्वरला पहिल्या झटक्यात कळली.

“अनवाणी. पायी,” तो म्हणाला.

“अरे, ते घाईत म्हणालो मी! मग गाडी कोण नेणार? तुला येत न्हाई. आणि बंद करून ठेवली तर पुन्हा टक् म्हणंल.”

गंगासागरनं दार उघडलं. अप्पा उतरले, आणि ती त्यांच्या जागी बसली. सीट दोन बोटं पुढं घेतली, आरसा आपल्या उंचीला वळवला, क्लच दाबला आणि गिअर टाकला. डेपोमागच्या मैदानात आण्णांनी शिकवला होता तसाच, आवाज न करता. राजेश्वर मागं बसला, आधी दाराची कडी घट्ट धरून, मग थोडी सैल सोडून.

“तुला येती?” रस्त्यावर उभे राहिलेले अप्पा म्हणाले. “आजवर कधी बोलली न्हाईस!”

बोलायचं नसतंच. सांगितलं की फळ जातं. सोळा सोमवार तिनं महादेवाकडं दुसरं काय मागितलं होतं? एकदा, फक्त एकदा, ही गाडी तुझ्या दारापर्यंत माझ्या हातानं नेऊ दे.

वळण घेताना तिनं एकदा हॉर्न दिला. मौनात हॉर्न चालतो का, हे स्वामींना विचारायचं राहूनच गेलं होतं.

आरशात गुरुपादअप्पा दिसत होते. मग बाभळीजवळ गेले, चपला काढून काखेत धरल्या, कपाळावरून हात फिरवला आणि कुणी पाहत नाही असं समजून, डांबराच्या कडेकडेनं, मुकाट्यानं धर्मापुरीच्या वाटेला लागले.