कापसाच्या वखारीची लढाई आणि आत राहिलेला गडी

श्रीजलाधिपती वरुणदेव प्रसन्न असोत, आणि वाऱ्याने हे वर्तमान वाचून होईतो तरी स्वस्थ बसावे. शके अठराशे सत्त्याहत्तर, मन्मथनाम संवत्सरे, फाल्गुन मासी, दिवस माथ्यावरून कलता असता, समुद्रकाठच्या एका थोर राज्यात कापसाची वखार पेटली आणि तेथे मोठे युद्ध जाहले. त्या युद्धात एक गडी आत राहिला की न राहिला, याचा उलगडा पुढे कित्येक दिवस कोणास होईना. वृत्तांत जैसा घडला तैसा लिहिला आहे, पदरचे घातलेले नाही.

त्या राज्यास शत्रू बहुत होते, परंतु रोजचा म्हणावा ऐसा एकच, तो अग्नी. त्यास तह ठाऊक नाही, खंडणी चालत नाही, आणि पावसाळ्यात छावणीत बसावे हेही त्यास मान्य नाही. सबब राज्याने जागोजागी ठाणी बसविली होती आणि प्रत्येक ठाण्यात लाल बंब, दाराशी पितळी घंटा, आणि पितळी टोप घातलेले गडी ठेविले होते. हे गडी एका चुलीवर जेवीत, एका रांगेत निजत, आणि घंटा वाजली म्हणजे भातावरून उठत. या फौजेत एक रिवाज फार जुना होता. गडी धुरात अडकला असेल तर तो बाहेर येईपर्यंत त्याचे नाव कोणी घ्यावयाचे नाही. विस्तवाने नाव ऐकले की तो माणूस त्याचा झाला, ऐसे मानीत. म्हणून 'आत माणूस आहे' इतकेच म्हणावे, आणि ऐकणाराने कोण म्हणून पुसू नये. मग तो सुखरूप बाहेर आला म्हणजे ठाणेदाराने त्यास नाव घेऊन मोठ्याने तीन वेळा हाक मारावी आणि त्याने ओ द्यावी, तेव्हा तो परत आला ऐसे समजावे.

पिंपळाच्या पाराजवळ जे ठाणे होते, त्यात भिकाजी चाळके नावाचा गडी होता. मूळ लांज्याकडचा, अंगाने काटकुळा, चढावयास माकड, परंतु प्रत्येक गोष्टीचा विचार करीत बसण्याची खोड मोठी. त्याच्या शेजारच्या खाटेवर इनास डिमेलो म्हणून वसईकडचा गडी निजत असे. तो दारासारखा रुंद, आवाजाने जाड, आणि रविवारी देवळात गाणे म्हणणारा. या दोघांची जोडी ठाणेदार महादेवराव खानविलकर यांनी लावून दिली होती. पुढे भिकाजीने पाइपाचे तोंड धरावे, मागे इनासने पाइपाचा भार घ्यावा. दोघांचे पटत नसे. इनास खाटेखाली सुके बोंबील ठेवी आणि भिकाजी त्यावरून रोज भांडे. "अरे, माणसं झोपतात इथे, कोळीवाडा नाही," ऐसे भिकाजीने म्हणावे, आणि इनासने कूस बदलून उत्तर द्यावे की, "मग तू नाक घरी ठेवून ये ना, भिक्या. ड्यूटीला नाक लागत नाही." ऐसे चालत असे आणि धुरात मात्र एकाचा हात दुसऱ्याच्या कमरपट्ट्यावरून सुटत नसे.

वखार पेटल्याचे वर्तमान येताच पारावरचे ठाणे पूर्वेच्या दाराशी गेले आणि बंदराच्या धक्क्यावरचे ठाणे पश्चिमेच्या दाराशी गेले. मध्ये वखार, आणि वखारीत कापसाच्या गठड्या छपरापर्यंत रचलेल्या. कापसाची आग ही उघड लढत नाही. आत दबा धरून बसते आणि धूर तेवढा पुढे पाठविते. खानविलकर ठाणेदारांनी जोडीस आत जाण्याचा हुकूम केला आणि म्हणाले, "पाइपावर हात ठेवून जायचं आणि पाइपावर हात ठेवून यायचं. पाइप सोडला त्याने आईला सोडलं." मग दोघांनी ओले फडके दातांत धरले, कारण त्या काळी धुरास दुसरा उपाय नव्हता, आणि आत शिरले.

आत दिवस नव्हता. भिकाजी पाण्याचे तोंड धरून पुढे सरकला आणि गठड्यांवर पाणी मारू लागला, आणि पाठीशी इनासचा हात होता तोवर सर्व यथास्थित होते. मग वरून एक गठडी सुटली, ती दोघांच्या मध्ये आली, आणि इनासचा हात सुटला. भिकाजी पडला, पाइपाचे तोंड हातून उसळून गेले, आणि तो उठला तेव्हा कोठे तोंड करून उठला हे त्यास समजेना. मग जमीन चाचपता चाचपता त्यास पाइप सापडला. आईच सापडली ऐसे त्यास वाटले, आणि तो धरून तो रांगत रांगत निघाला. परंतु तो पाइप त्यांचा नव्हता. धक्क्यावरच्या ठाण्याने आपला पाइप पश्चिमेकडून आत घातला होता, तो त्या जागी आडवा आला होता. हे भिकाजीस कळावे कसे? पाइप तो पाइप.

दाराबाहेर आला तो ऊन एकदम डोळ्यांत घुसले. भिकाजी विचारात पडला की, आत जाताना ऊन वखारीच्या पलीकडे होते, ते तोंडावर कैसे आले? रस्ता तो नव्हे, बंब लाल खरा परंतु आपला नव्हे, आणि पिंपळाच्या जागी समुद्र आहे. आपण मेलो असू ऐसाही एक विचार त्याने केला, परंतु मेलेल्याला खोकला येत नसावा म्हणून तो सोडून दिला. इतक्यात धक्क्यावरचे जमादार हसनमियां दळवी, दाढी पांढरी, भिवया आगीत गेलेल्या, त्यांनी त्यास बखोट धरून उठविले आणि म्हणाले, "तू कोण रे? आमच्यातला दिसत नाहीस."

"पारावरचा," भिकाजी म्हणाला.

"मग चुकून आमच्या घरी आलास. आलास तर चहा घे," ऐसे म्हणून किटलीतला चहा कपात ओतून दिला. काजळीने सर्वांची तोंडे सारखीच जाहली होती, त्यामुळे कोणी काही विशेष पाहिले नाही. भिकाजीने चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "माझा जोडीदार मागे होता. तो आपल्या दाराने निघाला असेल." हसनमियां म्हणाले, "निघाला असेल. पाराकडचे लोक हट्टी, पण दार ओळखतात. तू सोडून." गडी हसले.

तोच पूर्वेकडून शिटी आली, लांब, तुटत तुटत, तीन वेळा. ती ऐकून धक्क्यावरचे सर्व गडी उभे राहिले आणि कोणी कप ठेवला तो कलंडला. पाठोपाठ एक गडी वखारीस वळसा घालून धावत आला आणि म्हणाला, "पारावरचा माणूस आत आहे. छप्पर बसायला लागलंय."

भिकाजीने पुसले, "कोण?"

हसनमियां गर्रकन वळले. "विस्तवासमोर नाव विचारतोस? ठाण्यात काय भजी तळायला शिकवतात तुम्हाला?"

मग भिकाजीने विचार केला, आणि विचारास फार वेळ लागला नाही. आत दोघेच गेलो होतो. एक मी, तो येथे उभा आहे. तेव्हा दुसरा आत आहे. गठडी इनासवर पडली असली पाहिजे आणि मी त्याला टाकून आलो आणि येथे चहा पितो आहे. ऐसे त्याच्या मनात आले. त्याने फडके बादलीत बुडविले, दातांत धरले आणि दाराकडे चालू लागला. हसनमियांनी त्यास अडविले नाही. आपल्या कमरेचा दोर सोडून त्याच्या कमरेस बांधला आणि म्हणाले, "टोक माझ्या हातात आहे. आता चुकून तिसऱ्याच घरी जाऊ नकोस. तीन झटके दे, मी ओढतो."

इकडे पूर्वेच्या दाराशी जे घडले होते ते भिकाजीस ठाऊक नव्हते, म्हणून येथे सांगणे प्राप्त आहे. गठडी पडली तेव्हा इनास तिच्यामागे राहिला, त्याने चाचपून पाहिले, पाइप मोकळा फडफडत होता आणि भिकाजी नव्हता. तो बाहेर आला, छाती भरून वारा घेतला, ठाणेदारांस म्हणाला, "माझा माणूस आत आहे," आणि हुकुमाची वाट न पाहता परत आत गेला. शिटी झाली ती भिकाजीसाठी. याप्रमाणे इनास भिकाजीच्या शोधात पूर्वेकडून गेला आणि भिकाजी इनासच्या शोधात पश्चिमेकडून गेला, आणि हरवलेला असा वखारीत कोणीच नव्हता, ते दोघे जाईपर्यंत.

आत छप्पर कण्हत होते. भिकाजी हात पसरून चालला आणि त्याच्या हातास कमरपट्टा लागला, आणि पट्ट्यामागे रुंद अंग लागले. सापडला, ऐसे जाणून त्याने पट्टा धरला आणि पश्चिमेस ओढला. त्याच क्षणी त्याचाही पट्टा कोणी धरला आणि पूर्वेस ओढला. फौजेची शिकवण ऐसी की, सापडलेल्याने अंग सैल सोडावे आणि शोधणाराने ओढावे. परंतु येथे दोघेही शोधणारे, तेव्हा सैल कोण सोडणार? भिकाजी मनात म्हणाला, धूर याच्या डोक्यात गेला, हा उलटा चालला. धूर डोक्यात गेलेला माणूस सोडवणाराशीच झुंजतो, त्यास एक ठेवून द्यावी आणि उचलावे, हीही फौजेचीच शिकवण. म्हणून त्याने इनासच्या कानशिलात वाजविली. आणि इनासही त्याच ठाण्यात शिकलेला, त्याने एक परत दिली, ती ऐसी की भिकाजीच्या डोळ्यांपुढे त्या काळोखात प्रथमच उजेड पडला. तोंडांत फडकी, बोलता येईना. फडके काढावे तर धूर उरात जाईल. ऐसे ते दोन वीर एकमेकांस वाचविण्यासाठी एकमेकांस मारीत मध्येच उभे राहिले.

मग पूर्वेकडची तुळई पेटत्या गठड्या घेऊन खाली आली. तिचा आवाज भिकाजीने ऐकला, परंतु तो कोठून येतो हे त्यास कळले नाही. त्यास इतकेच कळले की, पट्ट्यावरचा हात सुटला आणि त्याच हाताने त्यास छातीवर धक्का देऊन मागे लोटले. तो पडला आणि पडल्या जागेवरून पाहिले तो इनास दोन्ही हात वर करून उभा, आणि हातांवर पेटती गठडी, आणि ती तो बाजूस लोटीत होता, जैसा कोणी अडलेले दार लोटावे तैसा. गठडी बाजूस पडली. मग इनासने अंग सैल सोडले. भिकाजीने त्यास कवेत घेतले आणि दोरास तीन झटके दिले, आणि दोराच्या त्या टोकास हसनमियां आणि धक्क्याचे अवघे ठाणे होते, ते ओढू लागले.

बाहेर येईतो खानविलकर ठाणेदार वळसा घालून पश्चिमेस पोहोचले होते. मागे छप्पर बसले, त्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्यांनी भिकाजीकडे पाहिले आणि मोठ्याने हाक मारली, "भिकाजी."

भिकाजी इनासच्या तोंडावरचे फडके काढीत होता. त्याने ओ दिली नाही. ठाणेदारांनी दुसरी हाक मारली. तेव्हा तो म्हणाला, "साहेब, नाव चुकतंय. आत इनास होता."

"इनास तुला आणायला गेला होता."

"मला?" भिकाजी म्हणाला. "मी तर इथे चहा पीत होतो."

हसनमियांनी कलंडलेला कप उचलला आणि तो उगाच पुसू लागले. मग ठाणेदार म्हणाले, "ते नंतर बघू. आधी ओ दे." आणि तिसरी हाक मारली. भिकाजीने ओ दिली. मग ठाणेदारांनी इनासला हाका मारल्या, पहिलीस उत्तर नाही, दुसरीस नाही. तिसरी त्यांना मारवेना. ते भिकाजीकडे वळून म्हणाले, "तू मार." भिकाजीने त्याच्या कानाशी तोंड नेले आणि म्हणाला, "इनास, ऊठ, तुझे बोंबील मी फेकून दिले." तेव्हा इनासने डोळे न उघडता एक शिवी दिली. ती येथे लिहीत नाही. ती ओ म्हणून धरण्यात आली.

पुढे राज्याच्या मोठ्या सरदारांनी चौकशी बसविली. त्यांनी दोन्ही ठाण्यांस पुसले, कोण हरवले होते, कोणी कोणास वाचविले, आणि वीरास मान द्यावयाचा तर तो कोणास? खानविलकरांनी सर्व वृत्तांत सांगितला. सरदारांनी तो पुन्हा सांगावयास लाविला, मग डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "जो हरवलाच नाही त्याला शोधायला एक जण गेला, आणि ज्याला शोधत होते तोच शोधायला गेला. असं कसं होतं?"

"आमच्या ठाण्यात होतं, साहेब," खानविलकर म्हणाले. मान कोणासच मिळाला नाही.

इनास इस्पितळात दोन्ही हात गुंडाळून पडून होता. वैद्यांनी सांगितले की हात राहतील, परंतु मूठ पुरती वळणार नाही, आणि पाइप धरणे संपले. भिकाजी रोज ठाण्यातून पेज आणी आणि चमच्याने त्यास भरवी. त्याच्या मनातला गुंता मात्र सुटत नव्हता. मी बाहेर आलो होतो, इनासही बाहेर आला होता, दोघे आपापल्या दाराशी बसून राहतो तर हात शाबूत राहते. आणि इनासने मला गठडीखालून लोटले नसते तर मी नसतो. परंतु मी आत गेलोच नसतो तर लोटावे लागले नसते. ऐसे उलटसुलट करता करता चमचा हवेत राही आणि इनास तोंड उघडून वाट पाही.

शेवटी एके दिवशी तो म्हणाला, "इनास, मी हरवलो नव्हतो रे. तू फुकट गेलास."

इनासने पेज गिळली. "बाहेर आलो तेव्हा माझ्याबरोबर कोण होतं?"

"मी."

"मग फुकट कसा?" इनास म्हणाला. "दे पुढचा घास. विचार नंतर कर."

भिकाजीने घास दिला. त्यानंतर तो वीस वर्षे त्या फौजेत राहिला, आणि जोडीस अनेक गडी आले, चांगले आले. इनास ठाण्यातच घंटेपाशी बसू लागला आणि बंब निघताना मनगटाने दोर ओढून घंटा देऊ लागला.

एवंच, समुद्रकाठच्या त्या राज्यात फाल्गुन मासी कापसाची वखार जळाली. युद्ध कोणी जिंकले, कोणी कोणास सोडविले, याचा निवाडा जाहला नाही, आणि लिहिणारासही तो करता आलेला नाही. खात्रीने सांगता येते ते इतकेच की, त्या दिवशी फौजेतला हरवला कोणी नाही. सापडला मात्र एक.