पवित्र देशाची रंगीत तालीम

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही नऊ वर्षांचे आहात. नवीन पनवेलमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहता. सव्वीस जानेवारीची सकाळ आहे. शाळेतून झेंडावंदन करून, हातातला बुंदीचा लाडू अर्धा खाऊन तुम्ही घरी येता. तेवढ्यात तुमचे आजोबा दारात उभे राहून शिट्टी फुंकतात आणि म्हणतात, "चला, लाडू गाडीत खा. यार्देन नदीवर रडायला जायचंय."

केलीत कल्पना? मग आता तुम्ही आभा रणभिसे आहात, आणि उरलेला लाडू कागदात गुंडाळून दप्तरात टाकून विसरलेला बरा.

पवित्र ठिकाणी जाणं तसं सोपं असतं. विमान नेतं, बस फिरवते, वाटाड्या बोलतो. अवघड असतं ते तिथे पोचल्यावर पवित्र दिसणं. ही कला आहे, आणि सरावाशिवाय ती कुणालाही येत नाही. हे सत्य पनवेलात सर्वांत आधी ओळखलं ते आभाच्या आजोबांनी, म्हणजे कमलाकर रणभिसे यांनी. (शिक्षण खात्याच्या परीक्षा विभागातून निवृत्त. सख्खा भाचा दीनानाथ याला एका गुणाने नापास केल्याचा त्यांना आजही अभिमान आहे. दीनानाथकाकांना तितकासा नाही.)

त्याचं असं झालं. त्यांच्या चर्चच्या मंडळीतलं एक कुटुंब आदल्या वर्षी पवित्र देशाची, म्हणजे येशू जिथे वावरला त्या भूमीची, यात्रा करून आलं. (नाव सांगत नाही. ते अजून चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसतात.) रिवाजाप्रमाणे रविवारी उपासना झाल्यावर पांढरी चादर टांगली, दिवे मालवले, आणि साक्ष देता देता, म्हणजे तिथले अनुभव सांगता सांगता, ते फोटो दाखवू लागले. गालील समुद्राच्या काठी त्यांचे जावई केळं सोलत होते. येशूला जिथे क्रुसावर दिलं त्या कालवरीच्या टेकडीवर सासूबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. जैतुनांच्या डोंगरावर तर सगळं कुटुंब यरुशलेमकडे पाठ करून एका उंटाकडे बघत होतं. अंधारात कोणीतरी फिस्कन हसलं. मग सगळेच फिसकले. पाळकसाहेबांना बराच वेळ खोकावं लागलं.

त्या रात्री आजोबांनी ठरवलं, रणभिसे परिवारावर ही वेळ येता कामा नये. ईस्टरच्या आधी परिवार पवित्र देशाला निघणार होता. त्याआधी पनवेल आणि आसपास संपूर्ण यात्रेची एक रंगीत तालीम होईल, प्रत्येकाला गुण मिळतील, आणि जो नापास होईल तो घरी थांबून कुंड्यांना पाणी घालील.

गुणपद्धती अत्यंत न्याय्य होती. चेहऱ्यावरील भाव, चाळीस. डोळे (ओले असावेत, लाल नसावेत), वीस. गटाबरोबर चालणे, वीस. फोटोत आपल्या जागी असणे, वीस. खरोखरच्या भक्तीला गुण ठेवलेले नव्हते, कारण ती तपासायला परीक्षक मिळत नाही.

आभाला स्वतःची काळजी नव्हती. तिला काळजी होती आजीची.

शशिकलाआजी नगरकडची. तिच्या लहानपणी गावात हंडाभर पाण्यासाठी शेजारच्या गावापर्यंत चालत जावं लागे. तिच्या संडे स्कूलच्या भिंतीवर गालील समुद्राचं एक चित्र होतं. निळं, अगदी चौकटीच्या कडेपर्यंत निळं. एवढं पाणी, एका जागी, आणि काठावर रांग नाही! तेव्हापासून आजीची एकच इच्छा होती. ती म्हणायची, "तुम्ही चर्चं बघा, क्रूस बघा, बाजार करा. मला त्या पाण्यात पाय सोडून थोडा वेळ बसू द्या. मी काही मागणार नाही."

पण आजीचे गुडघे दुखायचे, आणि सांगितलेल्या दिशेला बघायची तिला सवय नव्हती. म्हणून आजोबांनी आभाला तिची प्रशिक्षक नेमलं. आजीला पास करून दाखवायचं काम आभाचं. आभाने आजीला आरशासमोर बसवून आठवडाभर भाव शिकवले. "आजी, पवित्र चेहरा कर." आजी करायची. "आजी, हा दात दुखल्याचा झाला."

भाड्याची गाडी निघाली. पहिला मुक्काम यार्देन नदी, म्हणजे पनवेलची गाढी नदी. जानेवारीत गाढीत पाणी कमी आणि म्हैस जास्त असते. परिवार काठावर उंचीप्रमाणे उभा राहिला, आजोबांनी शिट्टी दिली आणि रडण्यास प्रारंभ झाला. अरुंधतीआत्याने तर कमाल केली. तिने रुमालाला आधीच बाम लावून ठेवला होता. शिट्टी झाल्याबरोबर तिच्या डोळ्यांतून अशा धारा लागल्या की आजोबांनी उभ्या उभ्या पूर्ण गुण दिले. (बाम जरा जास्त झाला होता. आत्याचे डोळे कर्नाळ्यापर्यंत गळत होते.)

आजी मात्र कोरडीच.

"रड ना, आजी," आभा कुजबुजली.

"अगं, कशाला? ती म्हैस बघ किती सुखात बसलीय. मला तर हसूच येतंय." आणि आजी हसली. मोठ्याने. दीनानाथकाकांच्या व्हिडिओ कॅमेऱ्यात ते हसणं आवाजासकट नोंदलं गेलं.

दुसरा मुक्काम, देवाच्या आज्ञा घ्यायला मोशे जिथे चढला तो सीनाय पर्वत, म्हणजे कर्नाळा. आभा मागून ढकलत होती, आजी पुढे कलत होती. पहिल्याच वळणावर आजी एका दगडावर बसली.

"शशिकला, गट पुढे गेला," आजोबा म्हणाले.

"जाऊ द्या की. मोशे वर चढला तेव्हा ऐंशीचा होता. तोही मध्ये बसला असेल."

"मोशे एकटा होता. त्याच्यापायी गट खोळंबला नव्हता."

"अहो, खाली लाखो माणसं खोळंबली होती! तेवढ्या वेळात त्यांनी पुजायला सोन्याचं वासरू करून घेतलं."

शास्त्रवचन आजीच्या बाजूचं होतं, म्हणून आजोबांनी परीक्षकाशी वाद घातल्याबद्दल गुण कापले.

तिसरा मुक्काम क्षार समुद्र, ज्याला मृत समुद्रही म्हणतात. त्यासाठी गव्हाणची खाडी निवडली होती, कारण पाणी खारं आहे आणि चिखलाला तोटा नाही. खऱ्या क्षार समुद्रावर यात्रेकरू अंगाला काळा चिखल फासून फोटो काढतात, म्हणून रणभिसे परिवारानेही तोंडं रंगवली. बांधावरून जाणारा एक गाववाला थबकला. त्याने डोक्याचा टॉवेल काढून झटकला, पुन्हा बांधला, पण दृश्य बदललं नाही.

"ओ मामा," तो शेवटी ओरडला, "त्यो निसता चिखल हाय! औषध नाय! आमी त्यातून म्हशी भायेर काढतो, न तुमी तोंडाला लावता?"

"आम्ही यात्रेला चाललोय," चिखलातून अरुंधतीआत्या म्हणाली.

"मंग धुवून तरी जा!"

इथे मात्र आजीने बाजी मारली. तिला चिखल मनापासून आवडला. तिने स्वतःचं तोंड रंगवलं, आभाचं रंगवलं, आणि आजोबा गुण लिहिण्यात गुंग आहेत असं पाहून त्यांच्या टकलावरही एक बोट ओढलं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की आजोबांना पूर्ण गुण द्यावेच लागले. टकलाचं त्यांना बऱ्याच उशिरा कळलं.

तोंडं धुऊन गाडीत बसल्यावर आभाने बोटांवर बेरीज केली, मग पुन्हा एकदा केली. आजी पास होऊ शकत होती! उरला होता फक्त गालील समुद्र, म्हणजे पनवेलातला वडाळे तलाव. तिथे रडायचं नव्हतं, चढायचं नव्हतं. आपल्या जागी उभं राहायचं, मान जराशी वर, नजर पैलतीराच्याही पलीकडे, आणि फोटो निघेपर्यंत हलायचं नाही. बस्स.

"आजी, फक्त हलू नकोस हं. प्लीज."

"नाही हलणार गं. पाण्यासमोर कशाला हलू?"

संध्याकाळ होत आली होती. तलावावर सोनेरी ऊन पडलं होतं. परिवार काठावर उभा राहिला. खांद्याला खांदा, माना वर, नजरा पलीकडे. काय ते दृश्य! भाव इतका एकसारखा होता की एकच चेहरा सगळ्यांना वाटून दिल्यासारखा वाटावा.

"धरून ठेवा," दीनानाथकाका म्हणाले. "भाव धरून ठेवा. कॅमेऱ्याला उन्हाची सवय होऊ दे."

थोड्या अंतरावर, तलावाच्या पायऱ्यांवर, उकडलेल्या शेंगा विकणारी एक म्हातारी बसली होती. तिची मान आधी एका बाजूला कलली, मग खांदा, मग ती सगळीच. टोपली लवंडली आणि शेंगा पायऱ्यांवरून घरंगळल्या. परिवारातल्या कुणाला हे दिसलं नाही. त्यांना दोष देता येणार नाही. माना नियमाप्रमाणे वर होत्या. आजी तेवढी नियम मोडून खाली पाण्याकडे बघत होती, म्हणून तिला दिसलं.

आणि आजी हलली. कर्नाळ्यावर पहिल्या वळणाला बसलेली हीच ती आजी, हे खरं वाटू नये इतक्या चटचट पायऱ्या उतरून ती खालच्या पायरीवर गेली. म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं, पदराने वारा घातला आणि बाटलीतलं पाणी तिच्या ओठांना लावलं.

"शशिकला, जागा!" आजोबा ओरडले.

"अहो, बाई पडलीय!"

परिवार निष्ठुर होता असं कोणी समजू नये. "अगंबाई, कुणीतरी बघा गं तिकडे," असं अरुंधतीआत्या ताबडतोब म्हणाली. मान न हलवता म्हणाली, एवढंच.

आजोबाही न्यायी माणूस. त्यांनी पुरवणी परीक्षेची सोय केली. "अजून ऊन आहे. पटकन ये. परत घेतो. पास होशील."

आजीने एकदा रांगेतल्या आपल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग मांडीवरच्या डोक्याकडे. "कशी उठू? हिचं डोकं खाली आपटेल. तुम्ही घ्या उरकून."

उरकायचं खरं, पण रांगेत मधोमध भोक पडलं होतं. दात पडल्यासारखं दिसत होतं. तेवढ्यात तलावाला फेरी मारायला आलेले एक गृहस्थ समोरून आले. कॅनव्हासचे बूट, गळ्यात मफलर. दीनानाथकाकांनी त्यांना हाताला धरून आजीच्या जागी उभं केलं.

"तिकडे काय झालंय?" गृहस्थांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही वर बघा."

त्यांनी वर पाहिलं. आणि काय सांगू! त्यांचे डोळे अर्धे मिटले, ओठ विलग झाले, चेहऱ्यावर असं काही आर्त उमटलं की दिवसभरात कुणाला जमलं नव्हतं. आजोबांनी तिथल्या तिथे पूर्ण गुण दिले. (शिंक येता येता राहिली होती, असं गृहस्थांनी नंतर सांगितलं.)

"आपलं नाव?"

"बद्रुद्दीन."

"पासपोर्ट आहे?"

"आहे ना. बारा साल कुवेतला होतो. का?"

"एक जागा रिकामी होतेय. पवित्र देशाची यात्रा. आपण सर्वाधिक गुणांनी पास झालात."

बद्रुद्दीनभाईंनी आजोबांच्या टकलावरच्या चिखलाच्या रेघेकडे आदराने पाहिलं. "शुक्रिया, जनाब. पण नमाजची वेळ होतेय. न् खरं सांगू? आम्ही मक्केला उमऱ्याला गेलो होतो ना, तिथे पण आमच्या गटात तुमच्यासारखेच एक साहेब होते. शिट्टीवाले. आमची बेगम सफूरा अजून शिट्टी ऐकली की रांगेत उभी राहते." आणि ते जरा घाईनेच निघून गेले.

आजोबांनी घसा खाकरला आणि निकाल वाचला. आभा रणभिसे, परिवारात प्रथम. दीनानाथ, काठावर पास. ("या वेळी!" काका म्हणाले.) बाकी सर्व उत्तीर्ण. शशिकला रणभिसे, गालील समुद्र येथे गैरहजर, नापास. कुंड्यांना पाणी.

"बरं," आजी पायरीवरून म्हणाली. एवढंच. आणि तलावाकडे बघत राहिली.

"आता शेवटचा एक," दीनानाथकाका म्हणाले. "माना वर!"

मुलांनो, तुमचे चेहरे मला दिसताहेत. आजीचं विमान हुकलं म्हणून तुम्ही हळहळताहात. आजोबा पुन्हा तपासणी करतील का, गुण वाढवून मिळतील का, याचा हिशेब चाललाय. छान. पण ती पायरीवर पडलेली म्हातारी शुद्धीवर आली का, हे अजून तुमच्यापैकी एकानेही विचारलेलं नाही. ओशाळू नका. तुमची मान अगदी योग्य तेवढी वर आहे. चेहऱ्यावरील भाव, चाळीसपैकी चाळीस.

आभा रांगेतून बाहेर पडली.

"आभा! फ्रेम!"

ती पायऱ्या उतरून खाली गेली, म्हातारीजवळ वाकली आणि तिने विचारलं, "आता बरं वाटतंय का? तुमचं नाव काय?"

"भीमाबाय," म्हातारी डोळे उघडत म्हणाली. "बरा वाटतंय गो बाय. सकालपासून पोटात काय नव्हता. पोरगा येल आता गाडी घेऊन."

आभाने दप्तरात शोधलं, कागदात गुंडाळलेला अर्धा लाडू काढला आणि तिच्या हातावर ठेवला. मग ती आजीच्या पायांशी बसली. खालची पायरी पाण्याला टेकलेली होती.

"आभा, पहिला नंबर जाईल हं!" वरून आजोबांचा आवाज आला. "मान वर!"

आभाने मान खाली घातली आणि आजीच्या एका पायातली चप्पल काढून तो पाय हळूच पाण्यात सोडला. मग तिने दुसऱ्या पायातली चप्पल काढली.