पदरचं वाक्य

आमच्या दिगंबरभाऊंसमोर बोलताना मध्येच थांबायचं नाही. खोकला आला तरी नाही. तुम्ही वाक्याच्या अध्येमध्ये श्वास घ्यायला थांबलात, की उरलेलं वाक्य तुमच्या कानामागून येतं. बारीक, घोगरं, फक्त तुम्हालाच ऐकू जाईल असं. आणि कहर म्हणजे तुम्ही ते निमूट म्हणून मोकळे होता. मग घरी जाऊन डोकं धरून बसता, की हे मी कावून बोलले बाप्पा?

माझे सासरे गेले तेव्हाची गोष्ट सांगते. घर माणसांनी भरलेलं. सासूबाई भिंतीला टेकून रडत होत्या, "असे कसे वं गेले माय... मले... मले..." आणि हुंदका घशात अडकला. तेवढ्यात मागून आवाज, "एकटीले टाकून." सासूबाई म्हणाल्या, "एकटीले टाकून!" आणि पुढे जो टाहो फोडला त्यानं गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. मी वळून पाहते तर दाराआड दिगंबरभाऊ, मान खाली घालून उभे. माझं रडणं जागच्या जागी बंद! मयताच्या घरी कोणी असं करतं? दिवस झाल्यावर मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "शोभाताई, वाक्य त्यांच्या ओठावरच होतं. मी फक्त पुढं सरकवलं."

अकोल्यात जठारपेठेत माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान म्हणजे भाड्याची एक अरुंद खोली. गिऱ्हाईक आत आलं की मला मशीनखाली पाय दुमडावे लागतात. वरच्या मजल्यावर दिगंबरभाऊ आणि नलूवहिनी राहतात. भाऊंची सगळी नोकरी एका जिनिंगात गेली. दिवसभर कापसाच्या गाठी मोजायच्या आणि संध्याकाळी नाटकाची तालीम. पण तोंडाला रंग त्यांनी एकदाही लावला नाही. ते प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या बाजूला पडद्याआडची जी अंधारी जागा असते ना, विंग म्हणतात ती, तिथं उभं राहून नटाला विसरलेलं वाक्य द्यायचं. सगळी नाटकं पाठ. पुढे मंडळातली माणसं पुण्याला पोरांकडे गेली, काही वरच गेली, मंडळ बंद पडलं. खोड मात्र राहिली.

पण त्यांचा एक नियम होता, आणि तो ते देवाच्या शपथेसारखा सांगायचे. "प्रॉम्प्टरनं पदरचं वाक्य द्याचं नसते ताई. माणसाच्या तोंडातलं आहे तेच त्याले वापस द्याचं. आपल्या मनातलं देल्लं का तो बेइमान."

नियम असला म्हणून काय झालं? माझ्या भाचीच्या लग्नात नव्या नवरीला उखाणा घ्यायचा आग्रह झाला. पोरगी लाजरी. "काळ्या रानात पांढरी कपाशी..." म्हणाली आणि थांबली. मागून लगेच, "राजेंद्ररावांचं नाव घेते सासूबाईंपाशी." पोरीनं घेतलं ना नाव! नवऱ्या मुलाचं नाव प्रवीण. राजेंद्र आदल्या दिवशीच्या लग्नातला नवरदेव, तिथंही हाच उखाणा झाला होता आणि भाऊ हजर होते. मांडवात अशी काही शांतता पसरली, की आचाऱ्यानं झारा कढईत टाकल्याचं ऐकू आलं. प्रवीणच्या आईनं तर छातीवर हात ठेवला. शेवटी भाऊंनी भर मांडवात कान पकडले, तेव्हा कुठे पंगत बसली.

नलूवहिनी या असल्या माणसाच्या गळ्यात कशा पडल्या, तर त्या अमरावतीच्या. माहेर फुलमळेवाल्यांचं, आवाज खणखणीत. मंडळ अमरावतीला स्पर्धेला गेलं, तेव्हा ऐन वेळी नायिका आजारी पडली आणि तिथल्याच या मुलीला उभं केलं. पहिल्याच प्रवेशात ती वाक्य विसरली. विंगेतून वाक्य आलं आणि पुढच्याच वर्षी लग्न झालं. मग अकोल्यात कितीतरी नाटकांत वहिनी नायिका आणि भाऊ अंधारात. आमच्या गल्लीत तर बायका म्हणायच्या, "नलूले नवरा दिसत नाई, नुसता ऐकू येते."

दोन वर्षांमागे वहिनींना लकवा मारला. चालणं काठीवर आलं आणि बोलणं जवळजवळ गेलंच. आम्ही बायका भेटायला जायचो तर भाऊ दारातूनच परत पाठवायचे. "झोपली हाये." सकाळी गेलो तरी झोपली हाये, संध्याकाळी गेलो तरी झोपली हाये. बाई काय अशी झोपते? आम्ही आपसात म्हणायचो, बिचारीची ती दोन-चार वाक्यं शिल्लक असतील, तीही हाच माणूस पूर्ण करून टाकत असेल.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्या गावाला नवं नाट्यगृह मिळणार, असं आम्ही किती वर्षं ऐकतोय ते विचारू नका. जागा ठरली, भूमिपूजन झालं, नारळ फुटला, आणि त्या जागेवर बेशरमाची झाडं उगवली. म्हशी मात्र खूश. मग एकदम बातमी आली, की सरकारकडून निधी मंजूर, सुधारित आराखडाही तयार, आणि नागरिकांच्या हरकती-सूचना ऐकायला खुद्द मंत्री येणार. जागेवरच मांडव पडला. मी गेले, कारण मला नाटकात नाही, गाळ्यात रस होता. आराखड्यात दुकानांचे गाळे होते आणि एका गाळ्यासाठी मी अर्ज केला होता. पाय सरळ करून मशीन चालवायचं माझं स्वप्न होतं, खोटं कशाला बोलू!

महापालिकेच्या साहेबांनी मोठा नकाशा टांगला आणि सरळच सांगितलं, "इमारत सरकार बांधून देईल. पुढे वीज, चौकीदार, एसी, हे कोण भरणार? नाटकं महिन्यात किती होतात? म्हणून गाळे. गाळ्यांच्या भाड्यावर इमारत चालेल. सभागृहात लग्नंही होतील." मला तर पटलं. माझ्या शेजारी दिगंबरभाऊ चष्मा सारखा करत नकाशाजवळ गेले आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवून परत आले. चेहरा पांढराफटक.

"ताई, विंगच नाई. दोनी बाजूनं गाळेच गाळे हायेत."

"मग? उजवीकडचा कोपऱ्यातला माझा आहे. देवाची कृपा झाली तर."

"थो तं विंगेत हाये!" ते इतक्या जोरात बोलले की पुढच्या रांगेनं वळून पाहिलं.

"नट काय छतातून उतरतात का भाऊ? बाजूला एक दार असेलच की."

त्यांनी हरकत नोंदवली. साहेबांनी "विचार करू" म्हटलं. आपल्याकडे "विचार करू" म्हणजे काय ते लहान पोराला कळतं. भाऊ उठून गेले. मला वाटलं, चहाला गेले असतील.

मग मंत्री बोलायला उभे राहिले. छापील भाषण, भारी आवाज. बाजूला उभा पंखा भणभणत होता. त्यानं एक पान उडवलं आणि मंत्री अडकले. "माझ्या अकोलेकर बंधू-भगिनींनो, आज या ठिकाणी मी जाहीर करतो की... की..."

मागच्या कनातीतून बारीक, घोगरा आवाज आला. मी दुसऱ्या रांगेत होते, मला स्पष्ट ऐकू आला. नको हो, नको भाऊ, असं मी मनात म्हणते आहे तोवर मंत्र्यांनी हात उंचावून गर्जना केली, "बाजूचे सगळे गाळे रद्द करून विंगा देतो!"

टाळ्या! काय त्या टाळ्या! साहेबांच्या हातातली पाण्याची बाटली मांडीवर सांडली. गाळेवाले व्यापारी तोंड उघडून बसले. मी तर खुर्चीला खिळले. मंत्री खाली बसताना बाजूच्या माणसाला विचारत होते, "विंगा म्हणजे काय बे?" दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरात छापून आलं, आणि एकदा पेपरात आल्यावर मंत्री माघार घेतात होय?

माझा गाळा गेला, आणि कुणी घालवला, तर वरच्या मजल्यावरच्या माणसानं! मी भाऊंशी बोलणं टाकलं. पण पुढे झालं ते त्याहून भयंकर. गाळे नाहीत म्हणजे भाडं नाही, भाडं नाही म्हणजे इमारत चालवायची कशी? खर्चाचा अंदाज नव्यानं, आराखडा नव्यानं, फाईल परत मुंबईला. या घोळात मार्च संपला आणि न वापरलेला निधी परत गेला. ना गाळा, ना नाट्यगृह. पेपर हातात घेऊन मी तशीच जिना चढले. डोकं असं तापलं होतं, की त्यावर पापड भाजता आला असता.

भाऊंनी दार अर्धं उघडलं. "झोपली हाये."

"झोपू द्या!" मी दार ढकलून बाहेरच्या खोलीत घुसले. "वाचलं का? निधी वापस गेला! आपल्या मनातलं देल्लं का तो बेइमान, हे कोण म्हणत होतं भाऊ?"

"हळू बोला ताई. तिले सांगतलं नाई मी अजून." ते खाली सतरंजीवर बसले. "हाव, देल्लं पदरचं वाक्य. आख्ख्या जिंदगीत एकदाच देल्लं. त्याचंच भोगून राहिलो. पंधरा-पंधरा वेळा उठतो झोपेतून."

"एवढं काय अडलं होतं त्या विंगेवाचून? आणि वहिनींनाही कोंडून ठेवलंय. बोलायची उबळ असेल तर सगळं त्यांच्या वतीनं बोलत असाल दिवसभर."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना थोबाडीत मारली.

"नलूचं वाक्य? मी? नाई ताई." मग म्हणाले, "डाक्टरीणबाई म्हने, शब्द तिनं सोता शोधला पायजे. कोनी देल्ला का तिचा मेंदू आळसते. मी तोंडात रुमाल कोंबून बसतो कधी कधी. पन लोकं येतात, त्याईले दया येते. ती 'पा' म्हनली का 'पानी, पानी!' ओरडतात. मंग ती दिवसभर तोंड उघडत नाई. म्हनून मी दारातूनच वापस करतो."

आम्ही गल्लीभर काय काय बोललो होतो!

"तिले म्हनलं होतं," भाऊ सतरंजीची दशी ओढत होते, "नवं नाट्यगृह झालं का पहिल्या दिवशी तू स्टेजवर जाशील. एकच वाक्य बोलशील. किती टाइम लागते तेवढा लागू दे. मी विंगेत उभा राहीन. तवापासून रोज सकाळी थेच वाक्य म्हनाले बसते."

"विंगेत? प्रॉम्प्टिंगला?"

"नाई. कोनी देऊ नये म्हनून."

आतून काठीचा आवाज आला. भाऊ ताडकन उठले. वहिनी आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. केस पिकलेले, एक गाल उतरलेला, पण नीट कुंकू. मला बघून डोळे चमकले. "शो..." म्हणाल्या. "शो... शो..."

मी पटकन म्हटलं, "शोभा, वहिनी! शोभा!"

भाऊंचा हात माझ्या तोंडासमोर आला. एवढा मऊ माणूस, पण नजर अशी की मी मागे सरले. मग आम्ही दोघं उभे राहिलो. त्यांचे स्वतःचे ओठ घट्ट मिटलेले, गळ्याची शीर हलत होती. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. दूधवाल्याची गाडी आली आणि गेली. आयुष्यात कुणासाठी मी इतका वेळ गप्प उभी राहिले नव्हते.

"शो... भा," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी मोठा श्वास सोडला. कपाळ पुसलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

वहिनी अजून संपल्या नव्हत्या. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. पुन्हा तसंच सगळं, ओठ जुळवणं, डोळे मिटणं, काठीवरची बोटं आवळणं. "ना... ना..." आम्ही वाट पाहिली. "ना... टक..." पुन्हा वाट पाहिली. "क... कधी?"

भाऊंनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. सगळ्या गावाला वाक्यं पुरवणारा माणूस बायकोसमोर उभा होता आणि त्याला वाक्य सापडत नव्हतं. हातातला पेपर मी पाठीमागे लपवला. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. मी एक पाऊल सरकून भाऊंच्या कानामागे गेले आणि हळूच म्हटलं, "दिवाळीनंतर."

त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"दिवाळीनंतर," भाऊ म्हणाले.

वहिनींच्या चांगल्या गालावर हसू आलं.

"बरं," त्या म्हणाल्या. एका दमात.