डाव्या गुडघ्याचा जबाब

सायकलवरून परदेश फिरायचा तर माणसाच्या अर्जाला त्याच्या दोन्ही गुडघ्यांचे जबाब जोडावे लागतात, आणि मिरजेत ते काम मंगळवारी होतं.

त्या मंगळवारी युनूस मुजावर आणि दामोदर शेटे दहाच्या ठोक्याला कचेरीच्या बाकावर हजर होते. युनूस चित्रकलेचा निवृत्त शिक्षक, दामोदरचं चष्म्याचं दुकान, दोघंही बासष्टचे. आठवीत असताना भूगोलाच्या तासाला नकाशावरची डॅन्यूब नदी बोटानं पोहताना दोघांनी मिळून मार खाल्ला होता. तेव्हापासून ती नदी काही डोक्यातून गेली नव्हती. उगमापासून बुडापेस्टपर्यंत, काठाकाठानं, बाराशे किलोमीटर. रोज ऐंशी धरले तर पंधरा दिवस. अर्जात ऐंशीचा आकडा दामोदरनंच ठासून लिहिला होता. "ऐंशी म्हणजे काय लेका, न्याहारीच्या आधी संपतंय!"

युनूसला मात्र एकच धास्ती होती. चारांतला एखादा गुडघा शेवटपर्यंत नाहीच म्हणाला की त्या माणसाचा अर्ज बाद. आणि दामूशिवाय त्याला युरोप फुकटातही नको होता.

"पँट वर घ्या," टोणपेबाई म्हणाल्या. बाई बावीस वर्षं गुडघ्यांचेच जबाब नोंदवत होत्या.

जबाब चालू असताना मालकानं कानांत कापूस घालायचा असतो. त्याला बाहेर पाठवून भागत नाही, कारण त्याच्याबरोबर गुडघेही जातात. सोबत्यानं समोर बसून सगळं ऐकायचं, कारण वाटेत निस्तरायचं त्यालाच असतं. ऐकलेलं मालकाला सांगायचं मात्र नाही.

दामोदर कापूस घालून पंख्याकडे बघत बसला. उजवा गुडघा "हरकत नाही" म्हणून मोकळा झाला. बाई डाव्याकडे वळल्या.

"बोला, कुणाचा दबाव नाही," बाई म्हणाल्या.

"मला जायचं नाही," डावा गुडघा म्हणाला. त्याचा आवाज दामोदरपेक्षा पुष्कळच कोवळा होता.

"दुखतंय का?"

"दुखणं जुनं हाय, त्याचं काय एवढं? रोजचे तीस मी नेईन. एकतिसाव्याला बसणार. ह्यालाबी ठाऊक हाय ते."

"मग ऐंशी का लिहिलेत?"

"मुजावर सरांची हौस मोडू नये म्हणून. दुकानात बसून नदीकाठची रेल्वे स्टेशनं पाठ करतोय हा. मी बसलो की म्हणणार, युनूस, मला कंटाळा आला, तू हो पुढं, मी गाडीनं येतो. रोज गिऱ्हाइकाच्या आरशात बघून म्हणतोय. अजून एकदाबी धड जमलं न्हाई. मधेच रडतोय."

बाईंनी "मधेच रडतो" असं लिहून घेतलं.

"काय म्हणतंय रे कार्टं?" दामोदर कापसामुळे ओरडूनच बोलला. "तक्रार करतंय व्हय?"

युनूसनं नकारार्थी मान हलवली.

मग युनूसची पाळी आली. त्याचे गुडघे दणकट. रोज शंभर मागितले तरी कुरकुरणार नाहीत, आणि विचारलं की तसंच सांगणार. ते ऐकून दामू आजच माघार घेईल, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. बूट नीट करायच्या निमित्तानं तो वाकला आणि उजव्या गुडघ्याला हळूच म्हणाला, "तीस म्हण. जन्मात एवढं एक ऐक माझं." टोणपेबाईंनी ते पाहिलं आणि पेनात शाई आहे का ते तपासलं.

कानांत कापूस गेल्यावर युनूसला फक्त दामूचा चेहरा दिसत होता. आधी त्यावर नेहमीचा खट्याळपणा होता. मग तो गेला. गुडघा बराच वेळ बोलत असावा. दामोदरनं चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. शेवटी खुर्ची पुढे ओढून त्यानं युनूसच्या उजव्या गुडघ्यावर तळहात ठेवला. युनूसला फार संकोच वाटला आणि फार बरं वाटलं.

कापूस निघाला. बाईंनी अर्ज समोर घेतले. "रोजचं अंतर ऐंशी कायम ठेवायचं?"

युनूस तोंड उघडणार, तोच दामोदर म्हणाला, "तीस करा, बाई."

"मग चाळीस दिवस लागतील."

"लागू द्यात," युनूस म्हणाला.

बाईंनी आकडा खोडून शेजारी सही केली. "डाव्या गुडघ्याचं आता काय म्हणणं?"

दामोदरचा डावा गुडघा कट्कन वाजला. तो होकार म्हणून नोंदवला गेला.

राहिले गुडघ्यांवरचे शिक्के. दामोदरचे दोन्ही उमटले, युनूसचा डावाही उमटला. उजव्यापाशी बाई थांबल्या.

"शेटे, हात काढा."

दामोदरनं ऐकलं, पण हात काही काढला नाही. बाईंनी थोडी वाट पाहिली आणि शिक्का त्याच्या हातावरच मारला. नियमात तो चालतो.