आधी आम्ही बघून येतो

श्रियाला शिडाच्या बोटीतून फिरायचं होतं. बस, एवढंच. इंजिनाची घरघर नाही, कसली घाई नाही. मे महिन्यातला एक निवांत दिवस, अलिबागच्या पुढचा किनारा आणि सोबत कॉलेजपासूनचे दोघं, क्षिप्रा आणि नील. क्षिप्रा पुढच्या आठवड्यात कायमची कॅनडाला चालली होती, म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात भल्याभल्यांना कामाला लावणाऱ्या श्रियाने बोट बुक केली आणि मग, कुठून अवदसा आठवली कोण जाणे, जेवताना घरी सांगून टाकलं.

तिच्या बाबांचा, हरिहररावांचा, आमटीचा भुरका अर्ध्यावर थांबला. नाही म्हणणाऱ्यांतले ते नव्हेत. सुशिक्षित आईबापांना नाही म्हणायला कमीपणा वाटतो. त्यापेक्षा ते सोबत येतात. "जा की, आम्ही कशाला अडवू?" ते म्हणाले. "आम्ही आपले किनाऱ्यावर बसू." आईने, म्हणजे सुमतीबाईंनी, जेवण उरकताच थालीपिठाची भाजणी काढली.

श्रियाचे आईबाबा चाललेत हे कळल्यावर मानपाड्याच्या क्षिप्राच्या आईबाबांना घरी बसणं बेजबाबदारपणाचं वाटायला लागलं. ते निघाले म्हणून नीलचे आईबाबा निघाले. आणि त्यांच्याकडे सुट्टीला आलेल्या गोदूआत्याला एकटं कुठे ठेवायचं, म्हणून तीही निघाली. तिघांच्या सहलीला मिनीबस करावी लागली. खिडक्या कोणी पटकावल्या हे सांगायला नकोच.

जेट्टीवर भगवान नाखवा बोट घेऊन तयार होता. सहा माणसं, वर एकही नाही, असं त्याने आल्याआल्याच बजावलं. श्रियाने पाय उचलला तसा हरिहररावांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांब. आधी आम्ही बघून येतो. सेफ आहे की नाही ते कळायला नको?"

"अहो बाबा, हे रोज जातात."

"तो रोज जातो गं. तू जातेस का रोज? दहा मिनिटांचा तर प्रश्न."

पोरांच्या काळजीपोटी तिन्ही जोडपी जीव धोक्यात घालायला एका पायावर तयार होती. जॅकेटं चढली, चपला निघाल्या, नीलच्या बाबांनी खिशातून नवा गॉगल काढला. शीड फुगलं, बोट निघालीसुद्धा. घाईगडबडीतही थालीपिठांचा डबा घ्यायला सुमतीबाई विसरल्या नाहीत.

मागे उरल्या बॅगा, चपलांचे ढीग आणि गोदूआत्या. आत्याला बोट लागते, म्हणून ती छत्री उघडून तिघांच्या मधोमध बसली आणि तिने चौकशी सुरू केली. श्रियाचं कुठे जमतंय की नाही, कॅनडातली मुलं कशी असतात, आणि नीलच्या मनात या दोघींपैकी नक्की कोण आहे. नील पाणी आणायला म्हणून जो गेला तो गेलाच. श्रियाने बाबांना फोन लावून पाहिला, रेंज नव्हती. बोट किनाऱ्याजवळून वळली की अंताक्षरी ऐकू यायची. श्रियाला अगदी रडू यायचं बाकी राहिलं होतं.

बाबांची दहा मिनिटं संपली तेव्हा ऊन कललं होतं. मंडळी उतरली ती लालबुंद होऊन, दहा वर्षांनी तरुण दिसत. सुमतीबाईंचे केस मोकळे सुटले होते आणि त्यांना त्याचं काहीच नव्हतं.

"एकदम सेफ," हरिहररावांनी निकाल दिला. "झोप लागेल इतकं निवांत. उगाच घाबरत होतो आपण."

वारा अजून आहे, एक फेरी आरामात होईल, असं भगवान म्हणाला. श्रियाने क्षिप्राचा हात धरला आणि दोघी बोटीकडे वळल्या.

"आता कशाला?" हरिहररावांना खरंच कळेना. "आम्ही बघून आलो की सगळं. आणि अंधाराच्या आत ठाण्याला पोचायचंय. फोटो टाकतो ना मी ग्रुपवर."

भगवानने शीड उतरवलं. क्षिप्रा बॅगा उचलायला लागली. मिनीबस पनवेलपर्यंत येते न येते तोच फोटो यायला लागले. शिडाखाली सहा जण, वेगवेगळ्या कोनांतून. त्यावर हरिहररावांनी लिहिलं होतं, 'मुलांसोबत एक अविस्मरणीय सागरसफर'.

श्रियाने ते वाचलं आणि त्याखाली लाइकचा अंगठा टाकला.