सबनीसकाकांची बाई

आल्याबरोबर हात धुवा म्हणाले, म्हणून मी सबनीसकाकांच्या बेसिनपाशी गेलो आणि तिथली तळहाताएवढी, पांढरी, गुळगुळीत वस्तू साबण समजून चांगली घासली. फेस काही येईना. उलटी करून पाहिली, तर कुशीवर पहुडलेली एक नग्न बाई. पायांत मात्र इवलेसे जोडे.

"धुवायलाच ठेवली होती," मागून काका म्हणाले. "आता पुसूनही आणा."

कोविडच्या दिवसांत डीमन या डच गावात आमच्या वरच्या मजल्यावर काका एकटेच राहत. घरात पाहुणा एकच चालेल असा सरकारी नियम होता, त्यामुळे किराणा घेऊन मी एकटा वर जायचो. बायकोच्या ऑनलाइन मीटिंगमागून लुंगीवर फिरणारा नवरा तेवढा वेळ टळायचा.

बाई चिनी होती. काकांना ती जुन्या बाजारात मिळाली. पूर्वी तिकडे घरंदाज बायकांना वैद्यानं हात लावायचा नसे, म्हणे. मग पडद्याआडून बाई या बाहुलीवर बोट ठेवून दाखवायची, इथे दुखतंय.

तेव्हा काकांनी कसं काय विचारलं की "ठीक आहे" म्हणायची सोय नव्हती. आमचा अख्खा संसार त्या दोन शब्दांवर सुरळीत चाललेला; इथे मात्र टेबलावरून बाई पुढे सरकायची. "मोघम नको. बोट ठेवा." मी कंबर दाखवायचो. पार्सलवाल्या डच पोरालाही सुटका नव्हती; त्यानं बिचाऱ्यानं लाजून गुडघा निवडला. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, तेव्हा फोनवरूनच पॅरासिटामोल घ्यायला सांगायचा. काका त्या फोनसमोरही बाई धरायचे.

मग मी इंटरनेटवर काहीबाही वाचलं, आणि वाचलेलं पोटात राहील तर तो मी कसला. म्हटलं, काका, वैद्यांनी हिला कधी वापरल्याचा धड पुरावा नाही. परदेशी गिऱ्हाइकांना उघड्या बायका विकायच्या, म्हणून वर ही गोष्ट चिकटवली असणार.

काका बाईला पुसत होते.

"विकणारा हेच म्हणाला होता," ते म्हणाले. "तुमच्या काकूला ना डच येत होतं, ना इंग्रजी. डॉक्टरपुढे दुभाष्या मीच. कुठे दुखतं विचारलं की ती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, पोटात, जरासं. मी तेवढंच सांगायचो. पोट नव्हतंच ते. नवऱ्याच्या तोंडून सांगायची लाज वाटली तिला. कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं."

त्यांनी बाईला नॅपकिनवर निजवलं.

"वैद्यांकडे नसेल. आमच्या घरात हवी होती."

खाली येऊन मी बायकोला साबणाचा किस्सा रंगवून सांगितला, मग उरलेलंही. साबणाला ती हसली. नंतर बराच वेळ मेथी निवडत राहिली.

"उद्या किराणा मी नेते," ती म्हणाली. "एकच माणूस चालतं ना? मला त्या बाईवर बोट ठेवायचंय."